कागदावरची होडी

हार्टफर्डमध्ये मी राहतो तिथून चालत दहा मिनिटांवर एक पब्लिक लायब्ररी आहे. तिच्या दाराशी काढून टाकलेल्या पुस्तकांचं एक शेल्फ असतं. हवं ते उचलायचं आणि शेजारच्या डब्यात एक डॉलर टाकायचा. कनेटिकट राज्यातलं हे शहर विमा कंपन्यांचं. विमा कंपन्या आल्या की त्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणारे आपल्याकडचे लोकही आले. मी त्यांच्यातलाच एक. गेल्या वर्षी प्रोजेक्टवर पुण्याहून इकडे आलो.

एका शनिवारी त्या शेल्फवर 'वुडनबोट' नावाच्या मासिकाचे जुने अंक दिसले. मुखपृष्ठावर पाण्यात उभी एक छोटी लाकडी होडी. एवढ्यावर मी थांबलो नसतो, पण अंक चाळताना आत एक तक्ता दिसला. रकान्यांत नुसते आकडे: २-३-५, १-११-२, ०-९-६. खाली खुलासा होता: फूट, इंच आणि इंचाचे आठवे भाग. म्हणजे २-३-५ हे दोन फूट तीन इंच आणि पाच अष्टमांश. होडीच्या लांबीवर ठरावीक अंतराने रेघा मारायच्या, आणि प्रत्येक रेघेपाशी होडी किती उंच, मधल्या रेषेपासून किती रुंद, ते या तक्त्यात पाहायचं. रुंदी फक्त अर्धीच दिलेली, कारण दुसरी बाजू तशीच असते.

मी दिवसभर डेटाच्या फायली बघणारा माणूस. तक्ता बघून पहिल्यांदा वाटलं, काय सुटसुटीत फॉरमॅट आहे! एक अख्खी होडी एका पानात मावली. ज्याला वाचता येईल, तो जगात कुठेही तीच होडी पुन्हा बांधू शकेल.

दुसऱ्याच क्षणाला पोटात काहीतरी हललं. आमच्या घरातही होड्यांची मापं होती, आणि ती मी जाळली होती.

*

आमचं गाव देवगड तालुक्यात, विजयदुर्गच्या खाडीकाठी. जवळच गिर्ये इथे मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. तिचं कौतुक आम्हाला शाळेच्या पुस्तकातून कळलं. घरात चाललेल्या कामाला मात्र कोणी इतिहास म्हणत नसे. आजोबा मेस्त्री होते, होड्या बांधायचे. रापणीच्या होड्या, खाडीत रेती आणि माणसं वाहणाऱ्या होड्या, दुरुस्तीची कामं. त्यांच्या हाताखाली माझे मोठे काका तयार झाले. बाबा धाकटे. त्यांना मुद्दाम शिकवून मुंबईला पाठवलं. मी डोंबिवलीत वाढलो आणि इंजिनिअर झालो. घरातल्या सगळ्यांच्या हिशेबाने हा सरळ वर जाणारा ग्राफ होता.

आजोबांनी कधी कागदावर रेघ मारली नाही. पडवीच्या भिंतीवर खुंटीला लाकडाचे काही वाकडे तुकडे टांगलेले असायचे. धनुष्यासारखे, पण एका बाजूने जास्त वळलेले. काहींवर खाचा, काहींवर कोळशाच्या खुणा. लहानपणी आम्ही त्यांच्या तलवारी करायचो आणि आजी ओरडायची.

२०१६च्या गणपतीत घर दुरुस्तीला काढलेलं होतं. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आजोबा जाऊन तीन वर्षं झाली होती. पाऊस थांबत नव्हता, लाकडं ओली, आणि घरात पंधरा माणसं आंघोळीला रांग लावून. न्हाणीच्या चुलीत सुकं लाकूड हवं होतं. पडवीतल्या ढिगाऱ्यातून मी ते वाकडे तुकडे उचलले. चांगले जुने, खणखणीत वाळलेले. मस्त पेटले. त्या दिवशी सगळ्यांना कढत पाणी मिळालं आणि मला शाबासकी.

त्यांना साचे म्हणतात हे मला माहीत होतं. ते कशासाठी होते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

*

मासिक घरी आणलं आणि आठवडाभर त्यातच होतो. मग ते काढणाऱ्या कंपनीबद्दल वाचायला लागलो.

१९७४ साली जॉन विल्सन नावाच्या एका तरुण होडी बांधणाऱ्याने हे मासिक सुरू केलं. जागा: मेन राज्यातलं नॉर्थ ब्रुक्सव्हिल, जंगलातलं एक छोटं लाकडी घर. घरात वीज नव्हती. फोन होता, पण तो अर्ध्या मैलावर एका झाडाला ठोकलेला. फायबरग्लासने बाजार तोवर जवळपास खाऊन टाकला होता. साच्यातून एकामागून एक होड्या निघत होत्या. त्या गळत नव्हत्या, कुजत नव्हत्या, दर वर्षी रंग मागत नव्हत्या. अशा वेळी लाकडी होड्यांचं मासिक काढणं म्हणजे स्मार्टफोनच्या काळात पेजरचं दुकान टाकण्यासारखं. विल्सनने पहिल्या अंकाच्या प्रती उचलल्या आणि न्यूपोर्टच्या बोट शोमध्ये नेऊन विकल्या. वर्गणीदार तिथे भेटले. मासिक आणि बोट शो ही जोडी अशी पहिल्या अंकापासूनची.

पुढे काही वर्षांतच त्यांचं ऑफिस आगीत गेलं, तरी मासिक बंद पडलं नाही. मेनमधल्याच ब्रुकलिन नावाच्या चिमुकल्या गावी ते स्थिरावलं. १९८१ मध्ये तिथे होडी बांधायला शिकवणारी शाळा निघाली. 'शार्लट्स वेब' लिहिणारे ई. बी. व्हाइट याच गावचे. त्यांचा मुलगा जोएल व्हाइट एमआयटीत शिकून गावातच होड्या बांधायचा. त्याने या मासिकासाठी 'नटशेल प्रॅम' नावाची सात फूट सात इंचाची होडी आखली. प्लायवूडच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून चिकटवायच्या आणि घरामागच्या शेडमध्ये बांधायची. कंपनी तिचे आराखडे विकते. ज्यांनी आयुष्यात रंधा धरला नव्हता, अशा लोकांनी ती बांधली.

मला आवडलेली गोष्ट पुढेच आहे. याच कंपनीने १९८९ मध्ये 'प्रोफेशनल बोटबिल्डर' नावाचं दुसरं मासिक काढलं. ते होड्यांच्या कारखानदारांसाठी, आणि त्यात फायबर, रेझिन, कॉम्पोझिट यांच्यावर भरभरून मजकूर. म्हणजे ज्या फायबरने लाकडी होडीला मारलं, त्याचंच मासिक. त्या मासिकाच्या जोडीने 'आयबेक्स' नावाचं व्यापारी प्रदर्शनही उभं राहिलं, बोट उत्पादकांच्या संघटनेच्या भागीदारीत. तिथे हौशी लोक होड्या बघायला जात नाहीत. होड्या बनवणारे लोक माल आणि तंत्र बघायला जातात.

आधी मला हे विचित्र वाटलं. मग लक्षात आलं, यांचा फायबरवर राग नव्हताच. काम कसं करायचं ते नीट लिहून ठेवायचं आणि ते करणाऱ्यांना एकमेकांशी गाठ घालून द्यायची, हा यांचा धंदा.

*

कंपनीचा स्वतःचा 'वुडनबोट शो' जूनच्या शेवटी कनेटिकटमध्येच भरतो, मिस्टिक सीपोर्टच्या सागरी संग्रहालयात. माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर. तिकीट काढलं आणि एकटाच गेलो.

आत शिरल्यावर धक्क्याला 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' उभं होतं. १८४१ साली बांधलेलं देवमाशांच्या शिकारीचं जहाज. लाकडी शिकारी जहाजांपैकी जगात शिल्लक राहिलेलं हे शेवटचं. पण गर्दी जास्त होती ती गवतावर मांडलेल्या छोट्या होड्यांपाशी. या विभागाचं नाव 'मी स्वतः बांधली'. प्रत्येक होडीपाशी ती बांधणारा माणूस उभा. कोणीही काहीही विचारा. एका निवृत्त मास्तरांनी मला त्यांच्या होडीतली चूक स्वतःहून दाखवली. तिसरी फळी एका जागी पाव इंच कमी पडली होती, तिथे त्यांनी तुकडा जोडला होता. म्हणाले, ती आराखड्याप्रमाणेच कापली होती, पण आराखडा नीट वाचला नव्हता. मला हसू आलं. आमच्या ऑफिसमध्ये आठवड्यातून दोनदा हेच होतं.

एका मोठ्या तंबूत आई-बाप आणि मुलं मिळून दोन दिवसांत होडी बांधत होती. पलीकडे एक बाई फळ्यांच्या फटीत कापसाची वात ठोकून कशी बसवायची ते दाखवत होत्या. लाकडी हातोडीचा तो टक्‌ टक्‌ आवाज ऐकला आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. हा आवाज मी शेवटचा दुसरी-तिसरीत ऐकला होता, मे महिन्यात, आमच्या बंदरावर.

आणि मग ते दिसले. एका अर्धवट होडीच्या पोटात ओळीने उभे केलेले लाकडी साचे. एकेका जागी होडीचा आडवा छेद कसा हवा, ते दाखवणारे. वाकडे, एका बाजूने जास्त वळलेले, मधल्या रेषेची खाच असलेले. तक्त्यातले आकडे लाकडात उतरवले की साचा होतो. आमच्या न्हाणीत जे जळलं, त्यात आजोबांचा तक्ता होता.

मी बराच वेळ तिथेच होतो. बाजूच्या माणसाने विचारलं, "तूही बांधतोस का?" मी नाही म्हणालो.

*

त्याच दुपारी एका टेबलापाशी आणखी एक गोष्ट कळली. जुनी होडी समोर असेल आणि आराखडा नसेल, तर होडीवरूनच आराखडा काढता येतो. होडी सपाट बसवायची, तिच्या बाजूने सरळ दोरी ताणायची, ठरावीक अंतरावर ओळंबा सोडायचा आणि दोरीपासून होडीपर्यंतची अंतरं लिहीत जायची. मोजपट्टी, दोरी, ओळंबा, पाणसळ. सगळं आपल्या गवंड्याच्या पिशवीतलं सामान.

मिस्टिकच्या संग्रहालयाला या कामाची जुनी सवय आहे. जॉन गार्डनर हे लाकडी होड्यांचे जाणकार १९६९ पासून तिथे होते. मच्छीमारांच्या साध्या कामाच्या होड्यांची मापं घेऊन, त्या कशा बांधायच्या ते लिहिण्यात त्यांनी आयुष्य घातलं. म्हणजे अमेरिकेतही कोळ्यांच्या कित्येक होड्यांना कागद नव्हता. तो नंतर कोणीतरी बसून तयार केला.

आणखी एक उदाहरण वाचलं आणि माझा एक न्यूनगंड गेला. नॅथॅनिएल हेरेशॉफ हे अमेरिकेतलं यॉट बांधणीतलं फार मोठं नाव. ते होडीचा आकार आधी कागदावर आखत नसत. होडीची उभी कापलेली अर्धी बाजू लहान आकारात लाकडात कोरायचे, हाताने चाचपून बघायचे, आणि मग त्या लाकडावरून मापं घ्यायचे. आधी हात, मग आकडे. आमचे आजोबा अडाणी म्हणून कागद वापरत नव्हते, असं मी इतकी वर्षं मनात धरलं होतं. ते चूक होतं. फरक एवढाच की हेरेशॉफच्या लाकडी नमुन्यांचं पुढे संग्रहालय झालं.

*

रात्री काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. चालतात, बोलतात, पण उजवा हात थरथरतो. शोचे फोटो मी आधीच पाठवले होते. त्यांनी ते चुलतभावाच्या फोनवर मोठे करकरून बघितले होते.

"बऱ्यो आसत," म्हणाले. "पण ह्यो कामाच्यो होड्यो नाय. तेंका टायम आसा."

त्यांच्याकडे वेळ आहे. एका वाक्यात त्यांनी मला जमिनीवर आणलं. मी दिवसभर जे बघितलं होतं, ते बहुतेक निवृत्त, खातंपितं, घरामागे शेड असलेल्या लोकांचं जग होतं. आमच्याकडे होडी म्हणजे चूल. फायबरची होडी आली तेव्हा रापणवाल्याने लाकडाची सोडली, कारण दर पावसाळ्याआधी ती ओढायची, खरवडायची, फटी भरायच्या, मुशीचं तेल चोपडायचं, यातून तो सुटला. त्याला कोणत्या तोंडाने नावं ठेवायची? काकांनी स्वतः पुढे फायबरच्या दुरुस्त्या केल्या. काचेची कुसं अंगाला खाजायची, पण रोज मिळायचा.

मी विचारलं, "काका, फायबर आलं म्हणून काम संपलं ना?"

"नाय," ते म्हणाले. "लोहार गेलो, तेव्हाच काम गेला."

होडीला लागणारे चौकोनी खिळे शेजारच्या वाडीतला लोहार घडवायचा. त्याची मुलं मुंबईला गेली आणि भाता बंद झाला. बाजारातले खिळे आणले, ते दोन वर्षांत गंजले आणि गिऱ्हाईक ओरडलं. मग ऐनाचं वाकडं लाकूड शोधून आणणारा माणूस गेला. फायबर त्यानंतर आलं.

हे ऐकल्यावर मला ते मासिक नीट कळलं. लेखांच्या मागे त्याची पानंच्या पानं जाहिरातींची असतात आणि मी ती उलटून टाकायचो. ब्राँझचे स्क्रू विकणारा, देवदाराच्या फळ्या कापणारा, शीड शिवणारी बाई, कापसाच्या वाती पुरवणारं दुकान. एका गावात या प्रत्येकाला वर्षाला चार गिऱ्हाइकं मिळाली नसती. मासिकाने देशभरातली गिऱ्हाइकं गोळा करून त्यांच्या दारात आणली, आणि शोने त्यांना तीन दिवस एकाच मैदानात उभं केलं. होडी बांधणारा एकटा टिकत नाही. त्याचा लोहार टिकला तर तो टिकतो.

आमच्या लोहाराची जाहिरात कोण छापणार होतं?

*

शेवटी मी साच्यांचं बोललो. न्हाणी, चूल, सगळं. आवाज थोडा कापला असावा.

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "ते मीच काढून दिलंय तुका. इसारलंस?"

मी खरंच विसरलो होतो. ढिगाऱ्यातून तुकडे काढून माझ्या हातात ठेवणारे तेच होते. त्यांना ते काय आहेत हे माझ्यापेक्षा हजार पटीने चांगलं माहीत होतं.

"काय करायचे ठेवन? कोण विचारी होतो?"

यावर काय बोलणार? नऊ वर्षं मी तो दिवस मला शाबासकी मिळालेला दिवस म्हणून लक्षात ठेवला होता. त्या दिवशी चुलीसमोर उभा राहून एक माणूस आपलं काम संपल्याचं मान्य करत होता, हे मला दिसलं नव्हतं. आणि कोण विचारत होतं, याचं उत्तर साधं होतं. मी घरातच होतो आणि विचारत नव्हतो.

फोन ठेवायच्या आधी त्यांनी पुन्हा तो अर्धवट होडीचा फोटो काढायला लावला. म्हणाले, हे लोक सगळे साचे आधी उभे करतात आणि त्यांच्यावर फळ्या वाकवतात. आपण तसं नाही करत. आपण खालच्या फळ्या आधी बसवतो, आकार फळ्यांनीच येतो, आतल्या फासळ्या नंतर. साचा मध्ये दोन-तीन ठिकाणी नुसता धरून बघायचा, होडी बरोबर चालली आहे की नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर आजोबांचे साचे म्हणजे डिझाइन नव्हतं, टेस्ट केस होते. डिझाइन हातात होतं.

"लिवन घे," काका म्हणाले. हे त्यांनी आपणहून म्हटलं.

*

तेव्हापासून दर रविवारी, तिकडे संध्याकाळ आणि इकडे सकाळ असताना, आमचा कॉल असतो. एक शीट केली आहे. रकाने: कोणता भाग, कोणतं लाकूड, माप, का. काकांची मापं वीत, मूठ आणि बोटांत येतात. मी त्यांच्या वितीची लांबी चुलतभावाकडून मोजून घेतली आणि एका कोपऱ्यात लिहून ठेवली, म्हणजे पुढे कोणी वाचलं तर अडायला नको. 'का' हा रकाना सगळ्यात हळू भरतो. कधी कधी काका "तसाच करतत" एवढंच म्हणतात, आणि दोन रविवारांनी अचानक कारण आठवतं. अर्ध्याहून जास्त चौकटी अजून रिकाम्या आहेत. काही रिकाम्याच राहतील.

पण एक होडी आहे. आजोबांनी बांधलेली, शेजाऱ्यांची, बंदराच्या वरच्या बाजूला माडाखाली उपडी घातलेली. पाण्यात गेली नाही त्याला पंधरा वर्षं झाली असतील. एका बाजूच्या दोन फळ्या सडल्यात, खाली कोंबड्या राहतात. दुसरी बाजू मात्र अजून धड आहे. आणि तक्त्याला अर्धीच होडी लागते.

या कामातून होड्या पुन्हा बांधल्या जातील असं मला वाटत नाही. विल्सनकडे वर्गणीदार होते, माझ्याकडे एक शीट आहे. आमच्या किनाऱ्यावर असं मासिक निघेल का, ते चालेल का, हे प्रश्न माझ्यापेक्षा मोठे आहेत. मला एवढंच करता येतं की ती होडी कोसळायच्या आत तिचे आकडे लिहून ठेवायचे. मार्चमध्ये तीन आठवड्यांची रजा टाकली आहे. मॅनेजरने कारण विचारलं, मी डॉक्युमेंटेशन म्हणालो.

काकांना तारीख कळवली तेव्हा ते खूश झाल्याचं त्यांनी अजिबात दाखवलं नाही. म्हणाले, "पावसाच्या आधी येतंस ता बरा. ओळंबो माझ्याकडे आसा. तू चांगली दोरी हाड."